न लागलेला नंबर

जिना चढून वर आलेला पालक खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, "सर, ह्या परीक्षेनं नेमकं काय व्हता येतंय?"

प्रश्न रास्त आहे. डॉक्टरकीच्या परीक्षेनं डॉक्टर होतात, पोलीस भरतीनं पोलीस. मी सांगतो, "मॅनेजर होता येतं."

"कशाचा?"

"ते पुढं ठरतं."

एवढं ऐकलं की समोरचा माणूस माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो. भालकीकडच्या एका बाईंनी तर मुलाच्या दंडाला धरून त्याला उठवलंच. म्हणाल्या, "चल रं. कशाचा मॅनेजर हे ह्यांनाच ठाऊक न्हाई, तुला काय शिकवतील!"

बीदरला बस स्टँडाच्या मागच्या रस्त्यावर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, मी बरीच वर्षं हा क्लास चालवतो. बिझनेस स्कूलमध्ये जायला जी प्रवेश परीक्षा द्यावी लागते तिची तयारी करून घेतो. पोरं औराद, हुमनाबाद, भालकीकडून येतात, कधी कलबुर्गीहून, कधी सीमेपलीकडच्या उदगीरहून. ही पोरं पाढे मराठीत म्हणतात, बाजारात भाव कानडीत करतात, भांडतात दख्खनीत आणि परीक्षा देतात इंग्रजीत. अशा डोक्याला तीन तासांत इतकी बदलाबदल करायला लावायची, हा माझा धंदा.

गणित सोडून मी फारसा बोलत नाही, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हाही मी "बघतो" एवढंच म्हणालो. पलीकडून सांगण्यात आलं, "गमतीजमती लिहा, सर." गमती आहेत, त्या लिहितोच. पण त्यांच्या सोबत एक गोष्ट लिहून टाकायची आहे. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि सांगितली तर कुणी खरी मानायला तयार नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

या परीक्षेत इंग्रजी उतारे असतात, आकड्यांची कोडी असतात आणि गणित असतं. गणित शाळेतलंच. नफा-तोटा, काळ-काम-वेग, हौद भरणारे नळ. अवघड आहे ते वेगळंच. प्रश्न इतके आणि वेळ इतका थोडा की सगळे सुटणार नाहीत, याची सोय पेपर काढणाऱ्यानं करून ठेवलेली असते. वर चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. म्हणजे कोणता प्रश्न सोडवायचा यापेक्षा कोणत्या प्रश्नाला हातच लावायचा नाही, हे ज्याला पटकन कळतं त्याचा नंबर लागतो. मी वर्षभर मुलांना मुख्यतः हेच शिकवतो. वाचा, ओळखा आणि सोडून पुढं चला.

हे आमच्या भागात शिकवणं फार जड जातं. आमच्याकडं पानात वाढलेलं टाकून उठलं तर वाढणारी माणसं दिवसभर विचारतात, भाजीत काय कमी होतं. मुलांना मी म्हणतो, "प्रश्न सोडा," आणि ती ओशाळतात. दुबलगुंडीचा नागेश नावाचा मुलगा होता, तो तर सोडलेल्या प्रश्नाकडं पुनःपुन्हा वळून बघायचा, शेळी मागं राहिल्यासारखा.

या नागेशचे वडील विठ्ठलराव तुरीचे आडते. मुलगा खरंच क्लासला येतो का ते बघायला एक दिवस स्वतःच येऊन मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर गणित घातलं होतं. एका व्यापाऱ्यानं अमुक भावानं तूर घेतली, तमुक भावानं विकली, तर शेकडा नफा किती? खाली चार पर्याय. विठ्ठलराव बराच वेळ फळ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "सर, हमाली कुणी दिली?"

"हमाली धरलेली नाही, विठ्ठलराव."

"तोलाई?"

"तीही नाही."

"बारदान तरी?"

पोरं वह्यांत तोंड घालून हसत होती. विठ्ठलराव उठून फळ्यापाशी आले, चारही पर्याय नीट वाचले आणि निकाल दिला, "चारीच्या चारी चूक हाईत. ह्या माणसाला नफा झालाच न्हाई. ह्याला उलट कुणीतरी फसवलंय."

मी त्यांना समजावलं की परीक्षेतला व्यापारी आणि बाजारातला व्यापारी वेगळे. परीक्षेतल्या व्यापाऱ्याची तूर आपली आपण गाडीत चढते. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. आणि दुर्दैवानं नागेशनं माझं न ऐकता वडिलांचं ऐकलं. त्या दिवसापासून तो प्रत्येक गणितात हमाली शोधायला लागला. नंबर लागला नाही. आज त्याची दाळ मिल आहे, जोरात चालते, आणि दरवर्षी संक्रांतीच्या आधी माझ्याकडं तूरडाळ येते. हमाली तोच देतो.

लेखी परीक्षेनंतर मुलाखत आणि गटचर्चा असते. गटचर्चा म्हणजे अनोळखी उमेदवारांना गोल बसवतात, एक विषय देतात आणि कोण कसं बोलतो ते बघतात. आमच्या पहिल्या सरावाच्या चर्चेत विषय दिला आणि मी घड्याळ लावलं. सगळे गप्प. मग एकानं शेजारच्याला म्हटलं, "तुम्ही बोला." तो म्हणाला, "छे छे, आधी तुम्ही. तुम्ही मोठे हाव." मग कोण मोठं यावर विचारपूस सुरू झाली. कुणाचा जन्म पोळ्याचा, कुणाचा उन्हाळ्यातला. दोघांच्यात वाद झाला, तो मिटला, सगळ्यात थोरला सापडला, त्यानं घसा साफ केला आणि वेळ संपली.

पुढच्या खेपेला मी उपाय काढला. म्हणालो, "असं समजा, औरादची शेवटची बस लागली आहे आणि एकच सीट रिकामी आहे." त्यासरशी सगळे असे एकदम बोलायला लागले की खालचा चष्मेवाला जिना चढून वर आला. "क्या हुआ सर? झगडा हुआ क्या?"

मुलाखतीचं तर विचारूच नका. एका मुलानं पुण्यात, सुटाबुटातल्या तिघा परीक्षकांपुढं, त्यांतल्या बाईंना सहज "अक्का" म्हटलं. बाई म्हणे इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला पुढं एकही अवघड प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून पोरं मला विचारतात, "सर, अक्का म्हणावं का?" मी सांगतो, ठरवून म्हणू नका. आलं तोंडात तर येऊ द्या.

आणखी एक गोष्ट आमच्याकडंच घडते. हवाई दलाच्या तळावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं सकाळी डोक्यावरून घुमत जातात. सराव परीक्षा चालू असताना विमान आलं की नवा मुलगा वर बघतो. छताकडंच बघतो, विमान काही दिसत नसतं, तरी बघतो. ज्या दिवशी तो बघत नाही त्या दिवशी मी समजतो, तयारी झाली.

आता माझ्याबद्दल.

बीदरात माझ्या क्लासचं नाव झालं ते काही माझ्या शिकवण्यामुळं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. ते झालं एका गोष्टीमुळं. "ह्या सरांचा सोताचा नंबर लागलता. देशातल्या एक नंबरच्या कॉलेजात. पण बापानं जाऊ नको म्हटलं म्हणून सोडले. घरासाठी." पालक एकमेकांना जिन्यातच हे सांगायचे. मला ऐकू यायचं. मी खडू घेऊन फळ्याकडं वळायचो.

खरं असं आहे की माझा नंबर लागला नव्हता. कुठंच लागला नव्हता.

आमचं गाव ठाणाकुशनूर. माझे वडील, अप्पा, तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. चौथीपर्यंत मी त्यांच्याच वर्गात. अप्पांचा एकच नियम होता. हातात घेतलेलं गणित अर्धवट सोडायचं नाही. शाळा सुटो, घरून बोलावणं येवो, जेवणाची वेळ टळो, गणित सुटल्याशिवाय पाटी खाली ठेवायची नाही. अप्पा स्वतः शेजारी बसून राहायचे, सांगायचे मात्र नाहीत.

पुढं मी बीदरला शिकलो आणि ही परीक्षा द्यायला हैदराबादला गेलो. तेव्हा परीक्षा कागदावर असायची. गणिताच्या भागात सुरुवातीलाच एक हौदाचं गणित आलं. दोन नळ भरणारे, एक गळका, त्यातला एक मध्येच बंद होणारा. मी त्याला भिडलो. सुटेना. आजूबाजूला पानं उलटल्याचे आवाज येत होते. मला कळत होतं की पुढं जायला पाहिजे, पण पाटी काही खाली ठेवता आली नाही. शेवटी ते सुटलं. उत्तर बरोबर आलं. मान वर करून बघितलं तर वेळ संपत आली होती.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"एका हौदाच्या गणितात अडकलो, अप्पा."

"सुटलं का शेवटी?"

"सुटलं."

"मग झालं तर," अप्पा म्हणाले आणि समाधानानं जेवायला बसले.

निकाल लागला. कुठूनच बोलावणं आलं नाही. त्यानंतर एकदा अप्पांच्या बरोबर गावातल्या स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होतो. बाकावर पाच-सहा जण होते. कुणीतरी विचारलं, "मास्तर, पोराच्या त्या मोठ्या परीक्षेचं काय झालं?" माझा कप ओठाशीच थांबला. आणि माझ्याआधी अप्पा बोलले, "लागला की नंबर. मीच न्हाई पाठवलो. एकुलता एक हाय, इतक्या लांब कामून धाडू?"

आयुष्यभर शाळेत खोटं बोलणाऱ्याला छडी देणारा माणूस हे इतक्या सहज बोलला की मीही क्षणभर विश्वास ठेवला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी चहा प्यालो.

मग ती गोष्ट वाढली. बीदरात तिचा अर्थ असा झाला की मी त्यागी मुलगा. गावात तिचाच अर्थ झाला की अप्पा अडाणी बाप. गावातले लोक अप्पांना तोंडावर बोलायचे. "मास्तर, दुसऱ्याची पोरं शिकवलात आन सोताच्याला दाव्याला बांधलात." मी शेजारी असायचो. अप्पा हसून म्हणायचे, "चुकलो बाबा." एकाच गोष्टीतून मला मान मिळत गेला आणि त्यांना बोलणी. हा हिशेब मला समजत नव्हता असं नाही. मी नफा-तोटाच शिकवतो.

'प्रश्न सोडायला शिका' हे माझं शिकवणं त्या हौदातून आलं. पोरांना वाटायचं, सर यशाचं गुपित सांगतायत. सर आपण कसे पडलो ते सांगत होते, फक्त तसं म्हणत नव्हते.

हे असंच चाललं असतं. पण रेणुका आली.

रेणुका आमच्याच गावची. तिचे वडील माधव आणि मी एका वर्गातले, दोघेही अप्पांच्या हाताखालचे. माधवचं खतांचं आणि बियाण्यांचं दुकान आहे. रेणुकासारखी प्रश्न सोडणारी मुलगी मी दुसरी बघितली नाही. पोह्यातली मिरची ताटाच्या कडेला सारावी तसा ती प्रश्न बाजूला सारायची. परत त्याच्याकडं बघायची नाही. विमान गेलं तर पहिल्या दिवशीसुद्धा तिनं मान वर केली नव्हती.

तिचा नंबर लागला. चांगल्या ठिकाणी, लांब. पेढे घेऊन क्लासवर आली. मी एक पेढा तोंडात टाकला आणि ती म्हणाली, "सर, मी सीट सोडते म्हणते."

पेढा तसाच राहिला.

"घरी सगळे तुमचंच नाव घ्यायलेत," ती म्हणाली. "पप्पा म्हणतात, वैजनाथनं नंबर लागून सोडला, बापाचं ऐकला, काय वाईट झालं त्याचं? बीदरात नाव हाय, दर रविवारी आईबापाला भेटायला येतो. तू तर पोरगी हाईस. मला पटायलं पण, सर. फक्त एक विचारायचं होतं. सोडल्यावर तुम्हाला किती दिवस वाईट वाटलं? तेवढं सांगा. म्हणजे मला ठाऊक असलेलं बरं."

अगदी साधा प्रश्न. ती खरंच उत्तरासाठी थांबली होती. वरून विमान गेलं. मी वर बघितलं.

"सीट घेते म्हणून कधीपर्यंत कळवायचं आहे?" मी विचारलं.

"सोमवार, सर."

"रविवारी गावाकडं येतोय. घरी येतो तुमच्या. तोवर काही कळवू नकोस."

जाताना तिनं पेढ्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी तो दोन दिवस उघडला नाही.

रविवारी माधवच्या घरात शिरलो आणि बघतो तर अप्पा आधीच खुर्चीत बसलेले, हातात कपबशी. माधवनंच त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं होतं, पोरीची समजूत काढायला.

"ये वैजनाथ, ये," माधव म्हणाला. "बरं झालं आलास. आता तुम्ही बाप-लेक दोघं मिळून सांगा हिला. सोडते म्हणायलीय, पण तोंड बघ कसं करून बसलीय."

रेणुका भिंतीला टेकून बसली होती. तिची आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. मी बसलोही नव्हतो. बसलो असतो तर पुन्हा गप्प राहिलो असतो, हे मला माहीत होतं.

"माधव, माझा नंबर लागला नव्हता."

"कशाचा?"

"त्या परीक्षेचा. कुठूनच बोलावणं आलं नव्हतं. मी नापास झालतो. अप्पांनी लोकांपुढं माझी लाज राखली आन मी गप बसलो. आजपर्यंत. मी काही सोडलं न्हाई. माझ्याकडं सोडायला काही नव्हतंच. हिच्याकडं हाय. माझं नाव सांगून हिला थांबवू नको."

बाहेर दुकानात कुणीतरी युरियाचं पोतं आपटलं. रेणुका माझ्याकडं टक लावून बघत होती. अप्पांनी कपबशी खाली ठेवली.

"खोटं बोलायलाय त्यो," अप्पा म्हणाले.

"अप्पा!"

"पोरीला धाडायचं म्हणून सोताला नापास करून घ्यायलाय. लहानपणापासून असाच हाय. माधव, तुला ठाऊक हाय की. वर्गात दुसऱ्याची चूक असली तरी हा छडीसाठी आपला हात पुढं करायचा."

"मास्तर," माधव म्हणाला, "त्यो मी होतो."

अप्पा जरा थांबले. "तू असशील. पण नंबर लागलता."

"न्हाई लागला, अप्पा."

"लागलता म्हणतो न्हवं मी!"

माधवनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आता मी कुणाला खोटं म्हणू? मास्तरला म्हणू का ह्याला म्हणू?"

तेव्हा रेणुकाची आई बोलली. ट्रे अजून हातातच होता. "मास्तर, लागला न्हाई लागला ऱ्हाऊ द्या. तुम्ही म्हणता तसंच धरू. तुम्ही पोराला अडवलात. मग आता एवढं सांगा, अडवलात ते बरं केलात का?"

आमच्या परीक्षेत एक प्रश्नप्रकार असतो. त्यात उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच सांगायचं असतं. वर्षानुवर्षं शिकवूनही इतका नेमका प्रश्न मी कधी काढला नव्हता. खरं कोण बोलतोय हे त्या बाईंना लागतच नव्हतं.

अप्पांनी खाली ठेवलेल्या कपाकडं बघितलं. मग म्हणाले, "न्हाई."

"न्हाई म्हंजे?" माधव.

"बरं केलो न्हाई. तुला सांगतो माधव, अडवणाऱ्या बापाला गाव सोडत न्हाई. लग्नात ऐकलो, मयतीत ऐकलो, चहा पिताना ऐकलो. तुझा बाप बोलला मला. तू बी बोललास, गणपतीच्या वर्गणीला आलतास तवा. इसरलास? पोराचं पाय बांधलात म्हणालास. मी हसलो. आतून काय व्हतंय ते अडवणाऱ्यालाच ठाऊक. तुला हे ऐकून घ्यायचं असलं तर अडव पोरीला. मग आपण दोघं बसत जाऊ हॉटेलात."

माधव खाली बघायला लागला. त्याला वर्गणीचा दिवस आठवला असणार. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग दुकानाचं ते जीएसटीचं कोण करणार? मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई."

सगळ्या अडवण्यामागचं कारण एवढंच नव्हतं, पण हेही होतं. रेणुका पटकन म्हणाली, "मी फोनवरनं करते, पप्पा. तिथं काय इंटरनेट न्हाई का?"

"झालं तर," तिची आई म्हणाली आणि ट्रे पुढं केला. "आता चहा घ्या. गार व्हायलाय."

अप्पांना घेऊन चालत घरी निघालो. वाटेत अप्पा म्हणाले, "कामून सांगितलास? चांगलं चाललं होतं."

"माझं चांगलं चाललं होतं, अप्पा. तुमचं न्हाई. चुकलं माझं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"पायाखाली बघ," अप्पा म्हणाले. "पुढं नाली हाय."

रेणुका गेली. आता दुसऱ्या वर्षात आहे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी माधवला फोन करते आणि माधव स्पीकरवर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडतो, "हौ, हौ, तीच पावती, आता तिच्या खालची लिहून घे!"

मला वाटलं होतं, गोष्ट गावभर होईल, तिथून बीदरात येईल आणि क्लासची पोरं कमी होतील. त्याची मी तयारी ठेवली होती. गोष्ट आली खरी, पण अशी आली: "सर एवढे मोठे मनाचे की एका पोरीला शिकायला मिळावं म्हणून सोताला नापास म्हणवून घेतले." जिन्यात पालक हेच सांगतात. या वर्षी क्लासला मुली वाढल्या. मी पहिल्याच तासाला मुलांना सांगितलं की मी खरंच नापास झालो होतो, हौदाच्या गणितात अडकून. मागच्या बाकावरून एक मुलगा कौतुकानं म्हणाला, "बघा, अजून बी तेच म्हणायलेत!"

म्हणून लिहून द्यायचं ठरवलं. छापलेलं लोक खरं मानतात.

लिहायच्या आधी अप्पांना विचारायला गावी गेलो. ते अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अप्पा, सगळं खरं लिहिणार हाय. तुम्ही खोटं बोलला होता ते पण."

अप्पांनी चष्मा काढला. "मी खोटं बोललो न्हाई."

"अप्पा, आता तरी..."

"तू हैदराबादहून आलास तवा काय म्हणालास? हौदाच्या गणितात अडकलो. पुढं जाता आलं न्हाई. म्हणालास का न्हाई?"

"म्हणालो."

"गणित अर्धवट सोडायचं न्हाई हे तुला कुणी शिकवलं?"

मी खाटेच्या कडेला बसलो.

"मग कुणी अडवलं तुला?" अप्पा म्हणाले. "त्या दिवशी रात्रभर मला तेच वाटायलं. दुसऱ्याचा पोरगा असता तर सोडून पुढं गेला असता. नंबर लागलता असं म्हणालो ते तेवढं खोटं. मीच अडवलो, ते खरंच बोललो होतो. ह्या गावात ते कुणाला समजलं नसतं, म्हणून सोपं करून सांगितलो."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि पेपर उघडला. मी तिथंच बसून होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. ते ती आपलीच चूक समजून वागवत होते.

"लिही," अप्पा पेपराआडून म्हणाले. "पण तुझंच तेवढं लिहू नको. माझं बी लिही."

दोन्ही लिहिलं आहे.